सोलापूर ते जयपूर : कुत्र्यासह दोघांनी करावयाच्या मोटारप्रवासाची तयारी

कर्नाटकातील अंकोल्यापासून पंजाबातील संगरूरपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरातून जातो, आणि त्यामुळे तुळजापूरला जाताना आपण नेहमी धरतो तोच रस्ता पुढे धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर आणि कोटा असे करीत जयपूरपर्यंत पोहोचतो. सुमारे १,३०० किलोमीटरचे हे अंतर दोन धडधाकट माणसे मनात आणल्यास दोन दिवसांत कापू शकतात. मागच्या सीटवर कुत्रे असेल तर त्याच अंतराला सहा दिवस द्यावे लागतात. हे सहा दिवस दोघांनाही मनापासून मान्य असतील, तरच पुढील तयारीला अर्थ आहे.

आमच्या घरी चिंगी नावाची चार वर्षांची, १६ किलो वजनाची गावरान कुत्री आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायकोने तिला घेऊन हा प्रवास केला, तेव्हा सासूबाईंनी निघण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत एकच प्रश्न लावून धरला होता : “कुत्रीला माझ्याजवळ ठेवून जावा की. तिला काय जयपूर कळतंय व्हय?” हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. कुत्र्याला हवामहल कळत नाही. त्याला गाडीतली धग, पोटातली ढवळाढवळ, अनोळखी खोली आणि आपली माणसे जवळ आहेत की नाहीत एवढेच कळते. म्हणून लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू, गाभण कुत्री, हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असलेले म्हातारे कुत्रे यांना घरी ठेवणेच योग्य होय. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकून अंग थंड करणे मुळातच कठीण जाते, तेव्हा त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय लांबचा बेत करू नये.

नकाशा उघडण्यापूर्वी दोघांनी आणखी एक गोष्ट समोरासमोर बसून बोलावी. लेणी, देवळे, किल्ले, अभयारण्ये, बहुतेक उपाहारगृहे आणि साधी स्वच्छतागृहेसुद्धा, यांपैकी कोठेही कुत्र्याला नेता येत नाही, आणि त्याला गाडीत बंद करून जाणे धोक्याचे असते. याचा अर्थ असा की दोघांची म्हणून ठरवलेली ही सहल बऱ्याच ठिकाणी एकेकट्याची होते : एक जण पाहतो आणि दुसरा साखळी धरून झाडाखाली बसतो. जी जोडपी हे आधी बोलून ठेवत नाहीत, त्यांचा पहिला वाद बहुधा वेरूळच्या वाहनतळावर होतो. आमचा तसा झाला.

महिनाभर आधी

पशुवैद्यकाकडे किमान एक महिना आधी जावे. रेबीजची पहिली लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे ३ आठवडे लागतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी टोचून केवळ पुस्तिकेत नोंद होते, संरक्षण मिळत नाही. डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसींची मुदतही त्याच वेळी पाहून घ्यावी, जंताचे औषध द्यावे आणि गोचीड-पिसवांसाठी डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा मानेवर टाकावयाचे औषध वजनानुसार घ्यावे. लसीकरणाची पुस्तिका आणि कुत्रे प्रवासास योग्य असल्याचा दाखला यांच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. स्वतःच्या गाडीतून जाताना वाटेत हे कागद कोणी फारसे मागत नाही, परंतु हॉटेलवाले मागतात, आणि कुत्र्याने कोणाला ओरखडा जरी काढला तरी त्या पुस्तिकेचे मोल कळते. गाडीचे नोंदणीपत्र, विमा, पीयूसी आणि फास्टॅगमधील शिल्लक यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

खरा वेळ लागतो तो कुत्र्याला गाडीची सवय होण्यास. पहिले तीन-चार दिवस गाडी दारात उभी असतानाच, इंजिन बंद ठेवून, त्याचे एक वेळचे जेवण मागच्या सीटवर द्यावे. नंतर इंजिन चालू ठेवून, आणि मग सात रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून यावे. यानंतरची पायरी म्हणजे हिप्परग्याचा तलाव : अंतर थोडे, पोहोचल्यावर हिंडण्यास मोकळी जागा, आणि त्यामुळे गाडीत बसले की काही तरी चांगले घडते हे कुत्र्याच्या मनात बसते. गाडीतून फक्त दवाखान्यातच जाणारे कुत्रे गाडी पाहूनच थरथरू लागते, यात नवल नाही. खरी परीक्षा सुमारे ४५ किलोमीटरवरील तुळजापूरला, शेवटच्या घाटात होते. वारंवार जांभया येणे, ओठ चाटणे आणि लाळ गळणे ही मळमळीची लक्षणे आहेत. उलटी त्यानंतर येते. चिंगीने पहिल्या खेपेला घाटातच उलटी केली, दुसऱ्या खेपेला फक्त लाळ गाळली आणि चौथ्या खेपेला ती झोपून गेली. सरावाने त्रास कमी झाला नाही तर उलटी थांबवणाऱ्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारावे, आणि ती गोळी प्रवासापूर्वी एकदा घरीच देऊन पाहावी. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. विशेषतः आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

गाडीतील जागा

कुत्र्याची जागा मागच्या सीटवर असावी. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडल्यास तिच्या धक्क्याने त्याला गंभीर इजा होऊ शकते, आणि चालकाच्या मांडीवर कुत्रे घेऊन गाडी चालवण्याची जी हौस काही जण करतात, ती तिघांच्याही जिवाशी खेळ आहे. छातीवरून जाणारा रुंद हार्नेस घालून तो आखूड पट्ट्याने सीटबेल्टच्या खाचेला अडकवावा. पट्टा एवढाच लांब असावा की त्याला उठून बसता आणि वळून झोपता यावे, परंतु पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून पुढे येता येऊ नये. गळपट्ट्याला हा पट्टा कधीही अडकवू नये, कारण अचानक ब्रेक लागल्यास सगळा झटका मानेवर येतो.

सीटवर टाकण्यासाठी बाजारात तयार आच्छादने मिळतात, पण त्यांपैकी पुष्कळशी रेक्झिनसारखी गुळगुळीत असतात आणि प्रत्येक वळणावर कुत्रे घसरते. सोलापूरकरांना याहून चांगली वस्तू घरातच उपलब्ध आहे. दोन जाड सोलापुरी चादरी घ्याव्यात. एक सीटवर अंथरावी आणि दुसरी पुढच्या व मागच्या सीटच्या डोक्यांना चारही टोकांनी बांधून झोळीसारखी सोडावी, म्हणजे पाय ठेवण्याच्या खळग्यात कुत्रे पडत नाही. सुती चादरीवर नखांची पकड बसते, ती घामट होत नाही आणि हॉटेलच्या नळाखाली धुऊन रात्रभरात वाळते. या चादरी किमान आठवडाभर घरात चिंगीच्या अंगाखाली असू द्याव्यात असे आम्ही मुद्दाम सुचवू, कारण पुढे प्रत्येक अनोळखी खोलीत तीच ओळखीच्या वासाची चादर जमिनीवर अंथरली की कुत्रे पाच मिनिटांत निजते. सोबत चार-पाच टर्किश टॉवेल ठेवावेत. ओले करून पोटाखाली ठेवण्यास, पाय पुसण्यास आणि प्रसंगी जखमेवर दाबण्यास त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

खिडकीतून डोके बाहेर काढून वारा पिणारे कुत्रे छायाचित्रात सुंदर दिसते, पण ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे त्याच डोळ्यांत धूळ आणि पाचट जाते. काच तीन-चार बोटांपेक्षा अधिक उघडू नये आणि मागच्या काचांचे बटण चालकाकडून बंद ठेवावे.

कधी निघावे

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि त्या काळात कुत्र्याला घेऊन निघणे हा विषयच काढू नये. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा मध्य हा काळ आम्हाला सर्वांत योग्य वाटतो. त्याआधी दिवाळीचे फटाके असतात, आणि फटाक्यांना बिचकून अनोळखी गावात पळालेले कुत्रे परत सापडणे फार कठीण असते. जानेवारीच्या मध्यावर घरी सिद्धेश्वर यात्रेचे शोभेचे दारूकाम असते म्हणून कुत्र्याला बाहेर नेण्याचा मोह होतो, परंतु १४ जानेवारीला जयपूरच्या गच्च्यांवरून पतंग उडतात आणि तुटलेला मांजा पुढे कित्येक दिवस रस्त्यांवर लोंबतो. त्याने कुत्र्याचे पंजे चिरतात. नोव्हेंबरमध्येही एक अडचण आहेच. देवउठनी एकादशीनंतर मध्य प्रदेश-राजस्थानात लग्नसराई सुरू होते, आणि लग्नाचे लॉन असलेल्या हॉटेलात मध्यरात्रीपर्यंत बँड आणि आतषबाजी चालते. खोली ठरवताना लॉन आहे का, हा प्रश्न आवर्जून विचारावा.

सहा दिवसांची आखणी

पहिला दिवस लांब पल्ल्याचा, संभाजीनगरपर्यंत सुमारे ३१० किलोमीटरचा ठेवावा, कारण त्या दिवशी माणसेही ताजी असतात आणि कुत्रेही. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी हलके जेवण द्यावे आणि पहाटे पाच वाजता, भरपूर फिरवून झाल्यावर, गाडीत बसवावे. पहाटे कोणी उठायचे हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवणे चांगले. आमच्याकडे ज्याच्या हाती दुपारचे स्टिअरिंग, त्याला पहाटेची झोप, असा नियम पडला. दुसऱ्या दिवशी वेरूळ पाहून, कन्नडचा घाट उतरून, चाळीसगावमार्गे धुळ्याला मुक्काम करावा. हे अंतर सुमारे १५० किलोमीटरच भरते. तिसऱ्या दिवशी सेंधव्याजवळचा बिजासन घाट चढून आणि खलघाटला नर्मदा ओलांडून सुमारे २६० किलोमीटरवरील इंदूर गाठावे. चौथा दिवस पूर्ण विश्रांतीचा. तो गाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण तीन दिवस डुलत आलेल्या कुत्र्याला एक दिवस हलणारी जमीन नको असते. स्वच्छ सर्वेक्षणात अनेकदा पहिल्या आलेल्या या शहरात फिरवताना विष्ठा उचलण्याच्या पिशव्या खिशात असल्याच पाहिजेत. खरे तर त्या सोलापुरातही असाव्यात. पाचव्या दिवशी महामार्ग सोडून उज्जैन-आगर रस्त्याने सुमारे २४० किलोमीटरवरील झालावाडला जावे आणि सहाव्या दिवशी कोटा, बुंदी, टोंकमार्गे सुमारे ३३५ किलोमीटर कापून जयपूरला पोहोचावे. महाराष्ट्रात पहाटे निघण्याचा जो नियम आपण पाळतो, तो राजस्थानात डिसेंबर लागल्यावर बदलावा, कारण दाट धुके असल्यास ते पूर्ण निवळल्याशिवाय रस्त्यावर उतरणे शहाणपणाचे नसते.

दर दोन ते अडीच तासांनी १५-२० मिनिटे थांबावे. थांबा कोठे घ्यावा यात मात्र बरेच तारतम्य लागते. ढाब्याच्या अंगणात उष्ट्यावर जगणाऱ्या कुत्र्यांची टोळी असते आणि पाहुण्या कुत्र्याला ती क्षणात घेरते, म्हणून ढाब्यापासून निदान अर्धा किलोमीटर अलीकडे थांबून कुत्र्याचे फिरणे उरकावे आणि ढाब्यावर ते गाडीतून उतरवूच नये. एकाने जेवून यावे, मग दुसऱ्याने जावे. सोलापूर-बीड पट्ट्यात रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे आणि गोखरू इतके असतात की प्रत्येक थांब्यानंतर चारही पंजे उलटे करून पाहावे लागतात. चिमटा त्यासाठी दाराच्या कप्प्यातच ठेवावा. डांबर तापले आहे का हे पाहण्यासाठी तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवावी. आपल्याला सहन झाले नाही तर त्यालाही होणार नाही. कन्नड घाटालगत गौताळ्याचे आणि झालावाड-कोटा वाटेवर दर्ऱ्याजवळ मुकुंदरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. कुत्रे हे बिबट्याचे आवडते भक्ष्य असल्यामुळे या दोन्ही ठिकाणी, विशेषतः तिन्हीसांजेला, गाडीबाहेर पाय ठेवू नये.

दार उघडण्याची एक ठरलेली पद्धत असावी. चालकाने इंजिन बंद करावे, दुसऱ्याने आतूनच साखळी हार्नेसला लावावी, ती मनगटात गुंडाळावी, कुत्र्याला “थांब” म्हणावे आणि मगच रस्त्याच्या उलट बाजूचे दार उघडावे. महामार्गावर कुत्री हरवतात ती बहुधा या अर्ध्या मिनिटात. गळपट्ट्यावर दोघांचे भ्रमणध्वनी क्रमांक कोरलेला बिल्ला असावा. घरच्या दूरध्वनीचा क्रमांक तेथे काही कामाचा नाही.

आता उन्हात उभ्या गाडीविषयी. बाहेर ३० अंश तापमान असले तरी बंद गाडीतील हवा १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी आणि अर्ध्या तासात सुमारे १९ अंशांनी वाढते, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमानच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि घाम येण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नसते. “पाच मिनिटांत आलो” म्हणून गेलेला माणूस वेरूळच्या तिकीट खिडकीवर अडकतो. म्हणून तेथे आम्ही शेवटी ठरवले ते असे : पहाटेच पोहोचावे, एकाने दीड तास कैलास लेणे पाहावे, दुसऱ्याने वाहनतळापासून दूर सावलीत कुत्र्यासह बसावे, मग अदलाबदल करावी. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, आणि परिसरात वानरे असल्यामुळे साखळी दुहेरी गुंडाळावी.

जोरजोराने धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या आणि झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे दिसल्यास कुत्र्याला लगेच सावलीत न्यावे, पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून वारा घालावा, आणि तसेच थंड करीत दवाखान्यात न्यावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. त्याने उष्णता आतच कोंडते.

खाणे, मुक्काम आणि आजारपण

प्रवासात कुत्र्याचे जेवण बदलू नये. जे कोरडे खाद्य खातात त्यांचा प्रश्न सोपा आहे, पण चिंगी भाकरीवर वाढलेली आहे. यावर आपली कडक भाकरी हा नामी उपाय निघाला. मीठ न घालता घरीच थापून कडक केलेली ज्वारीची भाकरी पुष्कळ दिवस टिकते, आणि दही किंवा उकडलेल्या कोंबडीच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवली की जेवण तयार होते. त्याच डब्याशेजारी असलेली शेंगा चटणी मात्र त्याच्यापासून दूर ठेवावी, कारण कांद्याप्रमाणेच लसूणही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपाय करतो. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट यांचाही कण देऊ नये. पाणी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिलिलिटर लागते. चिंगीला साधारण एक लिटर. दर थांब्याला थोडे थोडे पाजावे.

खोली ठरवताना “कुत्रे चालेल का” एवढे विचारून भागत नाही. एका गावी आम्हाला फोनवर “चालेल, चालेल” म्हणण्यात आले आणि रात्री आठ वाजता पोहोचल्यावर तिला वाहनतळातील खांबाला बांधण्याची सूचना झाली. ती रात्र आम्ही दुसरे हॉटेल शोधण्यात घालवली. कुत्रे खोलीतच राहील का, वेगळे शुल्क किती आणि तळमजल्याची खोली मिळेल का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्यावीत. खोलीत शिरल्यावर आधी एकाने पलंगाखाली आणि न्हाणीघरात झुरळांचा खडू किंवा उंदरांच्या विषाच्या वड्या आहेत का ते पाहावे, मगच दुसऱ्याने कुत्र्याला आत आणावे. जयपूरला डिसेंबरअखेर रात्रीचे तापमान ८-९ अंशांपर्यंत उतरते. सोलापूरच्या आखूड केसांच्या कुत्र्याला तेथे पांघरूण लागते.

मुक्कामाच्या प्रत्येक शहरातील एका पशुवैद्यकाचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा. महामार्गावर गाडी अडल्यास १०३३ आणि जिवावरचे संकट असल्यास ११२ हे क्रमांक चालतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी अनेक राज्यांत १९६२ हा क्रमांक आहे, परंतु ती सेवा मुख्यतः गाईगुरांसाठी असल्याने तिच्यावरच विसंबून राहू नये. आपल्या राज्यात तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बहुधा सापडतोच.

परतल्यावर चादरी गरम पाण्यात धुवाव्यात आणि त्याच दिवशी कुत्र्याच्या कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, काखेत आणि शेपटीखाली गोचीड शोधावी. गोचिडीतून येणारा ताप चावल्यानंतर लगेच दिसत नाही. त्याला एक ते तीन आठवडे लागू शकतात. त्या अवधीत कुत्र्याने जेवण सोडले, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर थांबून न पाहता रक्ततपासणी करून घ्यावी आणि कोणत्या राज्यांतून, कोणत्या तारखांना प्रवास झाला हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.